नव्या कोटाची धूळ

"मॅडम, हे जाळं आत कशाला?" मी दारातच अडवलं.

"साक्षीला आणलंय, गणराजदादा," प्रणाली हसून म्हणाली.

बालकल्याण समितीच्या दारात शिपाई म्हणून मी एकोणीस वर्षं उभा आहे. नवे वकील पहिल्या दिवशी जाडजूड पुस्तकं आणतात. ही म्हसळ्याची पोरगी मासळीचा वास मारणारं फाटकं जाळं घेऊन आली. अंगात आईने शिवलेला काळा कोट. तो मळवायचा नाही अशी आईची ताकीद होती म्हणे, म्हणून मी खुर्ची दोनदा पुसून दिली.

मुरुडच्या आठ वर्षांच्या मानसीचे आईवडील अपघातात गेले, तेव्हापासून सगुणाआत्या तिला सांभाळत होती. पण आत्या एकटी, पहाटेच बंदरावर जाणारी. पोर तिच्याकडे ठेवायची की बालगृहात, हे आज ठरणार होतं.

"कुठं राहायचंय तुला, बाळा?" अध्यक्षबाईंनी मायेनेच विचारलं. मानसीने मिठाची गुळणी धरली. सगुणा पदराचं टोक पिळत बसली.

सगुणाची वकील म्हणून आलेली प्रणाली उठली आणि सरळ फरशीवर मांडी घालून बसली. लॉ कॉलेजची पाचही वर्षं ती दर शनिवारी बालगृहात जायची. पोरांना खोदून विचारायचं नाही, हाताला काम द्यायचं, हे ती तिथेच शिकली होती. तिने जाळं पसरलं आणि लाकडी सुईने गाठ मारली, ती साफ चुकली. मुद्दाम की खरंच, हे मला अजून माहीत नाही.

मानसीला राहवेना. ती खुर्चीवरून उतरली. "असं न्हाय गो. दोरा खालून घे."

"कुणी शिकवलं?"

"आत्यानं. शालेतून आल्याव रोज शिकवते."

"आणि पहाटे आत्या नसते तेव्हा?"

"बायजाकाकी हाय ना शेजारला. ती वेनी घालते, मंग मी शालेत जाते." मान वर न करता तिने गाठ ओढली. "मी घरा न्हाय गेले त आत्या एकटी कशी ऱ्हाईल?"

अध्यक्षबाईंनी चष्मा काढून पुसला. मुलगी आत्याकडेच राहील, असा आदेश झाला. सगुणा रडली. मानसी मात्र हातातली गाठ पुरी केल्याशिवाय उठेना. मला एवढा आनंद झाला की कुणी न सांगताच मी सगळ्यांना चहा आणला.

प्रणाली उठली, तेव्हा कोट मागून धुळीने पांढरा झाला होता. मी फडकं पुढे केलं.

"राहू द्या, दादा," ती म्हणाली. "असाच आईला दाखवते. म्हणेन, तुझा कोट आजपासून कामाला लागला."