टारुसेंगाकाकांच्या आवाजात

नेत्सायने टारुसेंगाकाकांची निळी लोकरी टोपी माझ्या हातात ठेवली, तेव्हा टोपीला अजून त्यांच्या डोक्याच्या तेलाचा वास येत होता. अंगणात गुटू तालुक्याच्या चहूबाजूंनी आलेली माणसे दाटीवाटीने बसली होती. ढोल थांबले होते, ते माझ्यासाठी. आणि माझ्या घशात आवाज नव्हता.

"घाल ना," नेत्साय म्हणाली. "टोपी चावत नाही, गारिकाई. घालणारा चावायचा."

नेत्साय ही काकांची धाकटी लेक. बाप अंगणात पेटीत निजलेला असताना तिला विनोद सुचत होता, आणि खरे तर तो सुचणे हे माझे काम होते. आमचे आणि त्यांचे घराणे एकमेकांचे साहविरा. रक्ताचे नाते नाही. देवकही वेगळे, त्यांचे सिंह, आमचे झेब्रा. पण त्यांच्या घरात कोणी गेले की देहाला न्हाऊ घालायचे, खड्डा खणायचा, आणि मग गेलेल्याचे कपडे अंगावर चढवून त्याची चाल, त्याचे बोलणे, त्याच्या खोडीसुद्धा चारचौघांत करून दाखवायच्या, हे आमचे काम. आमच्या घरात कोणी गेले की तेच त्यांचे. रडणाऱ्यांना हसवायचे, आणि घरच्यांना जे बोलता येत नाही ते बोलायचे. साहविरा काहीही बोलला तरी त्याच्यावर रागावण्याची मुभा कोणालाच नाही.

माझे बाबा या कामात असे तरबेज की लांबच्या गावांतली माणसे मयताला कमी आणि त्यांना ऐकायला जास्त येत. गेल्या वर्षी त्यांना झटका आला आणि शरीराची उजवी बाजू व वाणी एकाच सकाळी गेली. आता ते मुहाचाच्या झाडाखाली खुर्चीत बसून माझ्याकडे पाहत होते. मी शाळेत भूगोल शिकवतो, आणि तोही शक्यतो फळ्याकडे तोंड करून. माणसांच्या डोळ्यांत पाहताना माझे शब्द पाखरांसारखे उठून जातात.

तरीही केवळ हसवायचे असते तर कसेतरी निभावले असते. त्या सकाळी एक वेगळीच गोष्ट माझ्या वाट्याला आली होती.

काकांची थोरली लेक माईदेई इंग्लंडात होती. तिकडच्या एका वृद्धाश्रमात ती म्हाताऱ्याकोताऱ्यांचे करीत असे. तिचा तिथे राहण्याचा परवाना नव्याने मिळायचा होता. या दिवसांत देश सोडला तर परतीचे दार उघडेल याची खात्री तिला कोणी देत नव्हते. ती आली नाही. काकांचे धाकटे भाऊ चाकानेत्सा यांनी सकाळीच सगळ्यांसमोर निकाल देऊन टाकला होता.

"खड्ड्यावर पोरांची नावं पुकारायची ती आलेल्यांची," ते म्हणाले होते. "जी आईच्या मातीला आली नाही, बापाच्या मातीलाही आली नाही, तिचं नाव कशाला? रेडिओवरून माती टाकणार आहे का ती?"

"अरे, थोरली आहे ती," नेत्सायच्या आत्या कळवळून म्हणाल्या. "पहिलं नाव तिचंच. ते गाळलं तर त्याला थोरलं मूल झालंच नव्हतं असं होईल."

"तिनेच तसं केलंय, ताई. मी नाही."

घरातल्या कोणालाही याहून पुढे बोलता येत नव्हते, कारण आता तेच घरातले वडील पुरुष होते. मग नेत्सायने मला धान्याच्या कोठारामागे गाठले. "तूच बोलू शकतोस," ती म्हणाली. "तुला कोणी गप्प करू शकत नाही. अडचण एवढीच, की तू आधीच गप्प आहेस."

मी टोपी घातली. ती कानांवर उतरली आणि जग थोडे दूर गेले, तेवढाच दिलासा. काका आयुष्यभर लांब पल्ल्याची बस चालवीत होते. मी उखळ पालथे घालून त्यावर बसलो, आत्यांच्या हातातले सूप घेतले आणि ते चक्रासारखे दोन्ही हातांत धरले. समोर शंभर चेहरे होते. ऑगस्टचा कोरडा वारा अंगणातली धूळ उचलून पुन्हा तिथेच टाकीत होता. कोणीतरी खोकले.

"कोंबडी कोणाची?" मी म्हणालो.

आवाज माझा नव्हता. तो कुठून आला हे मला आजही सांगता येणार नाही. लहानपणी त्या बसच्या पायरीवर उभा राहून मी तो इतका ऐकला होता, की बहुधा माझ्या नकळत माझ्यात साठून राहिला असावा.

"मागच्यांनो, कोंबडी कोणाची ते विचारतोय! तिकीट काढलंय का तिचं? नाही? मग मांडीवर घ्या, सीटवर बसवू नका. आणि दारात कोण लटकतंय? चाकानेत्सा! तू अजून अर्ध्याच भाड्यात फिरतोस होय रे? मिशी फुटली की तुला!"

एक हुंदका हसण्यात फुटला. मग दुसरा. मी सूप गरकन वळवले, काका करीत तसा बसच्या कुशीवर, म्हणजे उखळावर, बैलाच्या पाठीवर थोपटावे तसा हात मारला आणि चढावर तिला शिव्या घातल्या.

"अगं बाई, तोच गं तोच!" आत्या गुडघ्यावर थापा मारीत म्हणाल्या. "असाच खेकसायचा मेला!"

चाकानेत्साकाकांच्या ओठाचा एक कोपराही हलला, आणि मला वाटले, आता. आता हसता हसता माईदेईचे नाव घ्यावे. बसमध्ये पहिली सीट कोणाची, असे काहीतरी म्हणावे. मी तोंड उघडले.

"बाबा," असा आवाज आला.

नेत्साय पेटीच्या उशाशी उभी होती आणि तिच्या हातातला फोन माझ्याकडे वळलेला होता. त्याच्या छोट्या पडद्यावर माईदेई होती. अंगात कामावरचा निळा अंगरखा, मागे चादरींच्या घड्या. बहुधा धुण्याच्या खोलीत उपड्या बादलीवर बसून ती हे सगळे पाहत होती. हसता हसताच रडलेली दिसत होती.

"बाबा, तुम्ही रागावला होता का माझ्यावर?"

साहविराने मृताची टोपी घातली असेल तर त्याला प्रश्न विचारता येतो, तसे पुष्कळ जण विचारतात: गाईचे काय करायचे, कुदळ कोणाची. पण असा प्रश्न मी कधी ऐकला नव्हता. आणि मला त्याचे उत्तर माहीत होते.

बाबांची वाचा गेल्यापासून टारुसेंगाकाका दर रविवारी आमच्याकडे येत आणि न बोलणाऱ्या मित्राशेजारी चहा पीत बसत. शेवटच्या रविवारीही आले होते. त्यांचा फोन वाजला, त्यावर माईदेईचे नाव उमटले, आणि त्यांनी तो उचलून मेजावर पालथा ठेवला. मग बाबांना, म्हणजे एका अर्थी कोणालाच नाही, ते म्हणाले, "तिकडच्या गोऱ्या म्हाताऱ्यांना आंघोळी घालते. स्वतःच्या आईला तिच्या आजारपणात घालायला आली नाही." फोन बराच वेळ मेजावर थरथरत राहिला. मी दारात उभा होतो. मी काहीच बोललो नाही.

नाही, पोरी, असे म्हणणे किती सोपे होते. सगळे अंगण त्याच एका शब्दाची वाट पाहत होते. नेत्सायचे डोळे तर तो माझ्या तोंडातून ओढूनच काढीत होते. पण बाबांनी मला या कामाचा एकच नियम शिकवला होता. हसव, टोच, लाज काढ. मेलेल्याच्या तोंडी खोटे मात्र घालू नकोस, कारण ते खोडून काढायला तो परत येणार नाही. मी झाडाखाली पाहिले. बाबांचा चेहरा एका बाजूने ओघळलेला होता, आणि दुसऱ्या बाजूवरून मला काहीच वाचता आले नाही.

"हो," मी काकांच्या आवाजात म्हणालो. "हो पोरी, रागावलो होतो. तुझा फोन यायचा, मी तो पालथा ठेवायचो."

माणसांतून एक उसासा गेला. आत्यांनी खांद्यावरचे अख्खे कापड तोंडावर ओढले. चाकानेत्साकाकांनी मान हलवली. ऐकलेत ना, असे त्या मानेत होते.

मी टोपी काढली. ती पेटीवर ठेवताना घरंगळली आणि मला ती पुन्हा नीट ठेवावी लागली. आता मी मी होतो, आणि हे पहिल्यापेक्षा फार अवघड होते.

"आता तू ऐक, म्हाताऱ्या," मी पेटीला म्हणालो. "आयुष्यभर तू लोकांच्या पोरी बसमध्ये घालून लांब नेऊन सोडल्यास. शहरात, सीमेपलीकडे. त्यांच्या आयांना सांगायचास, रडू नका, पोटासाठी जातेय, जाऊ द्या. मग तुझी गेली तेव्हा एवढं काय आकाश कोसळलं? ती परक्या म्हाताऱ्यांना आंघोळ घालते म्हणून तू नाक मुरडलंस. काल तुला आंघोळ कोणी घातली? मी घातली. मी काय तुझ्या रक्ताचा आहे? तुझ्या बापाला माझ्या आजोबांनी घातली. परक्याच्या हातची आंघोळ तुमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या मानाची. मग तुझी लेक दुसऱ्याच्या बापाला घालते, तीच तेवढी लाजेची? ती तिकडे त्यांची साहविरा झाली आहे, आणि तिला तिथे कोणी तसं म्हणतही नाही. परदेशी म्हणून रस्त्यात तिच्यासारख्यांवर दगड फेकतात, ते फुकटचे. चुकलास तू. फोन उचलायचा होतास."

माझा श्वास संपला. मी आयुष्यात सलग एवढे कधीच बोललो नव्हतो.

चाकानेत्साकाका स्वतःच्या बुटांकडे पाहत होते. "मेल्याला कसं झापतोय बघा," ते म्हणाले. आवाज खरखरला होता. "हा तर फळ्याशी बोलणारा मास्तर ना? बापावर गेला." मग वर न पाहता, "साहविरा बोलला. घ्या नाव."

खड्ड्यावर पहिले नाव पुकारले गेले ते माईदेईचे. नेत्सायने तिच्या वतीने मूठभर माती टाकली, मग स्वतःच्या वाट्याची. बायकांनी गाणे उचलले. मी फावडे धरले, आणि खणण्यातला व बुजवण्यातला तो शांत, बिनशब्दांचा भाग मला नेहमीसारखा बरा वाटला.

माती सारखी करून झाली तेव्हा नेत्साय माझ्याजवळ आली. तिने फोन पुढे केला. पडद्यावर माईदेईचा चेहरा होता, तोंड किंचित उघडे, डोळे मिटत आलेले, आणि तो हलत नव्हता.

"कधीपासून?" मी विचारले.

"माहीत नाही रे. तू टोपी काढलीस तेव्हा मी तुझ्याकडेच बघत होते. नंतर पाहिलं तर अशीच." ती ओठ चावीत होती. "'पालथा ठेवायचो' एवढं तिने ऐकलं, हे नक्की. त्यानंतर तिचं 'अं' असं काहीतरी आलं होतं. पुढचं... मला नाही वाटत."

आमच्या खालच्या वाडीत रेंज अशीच येते आणि जाते. सगळ्यांना ठाऊक असते, आणि त्या घटकेला कोणाच्याच ध्यानात नव्हते. मी फोन घेऊन घरामागच्या उघड्या कातळावर चढू लागलो. खाली माणसे मक्याच्या उकडीचा साद्झा आणि मांस यांच्या पंगतीला बसत होती; मला कोणीतरी हाक मारली, साहविराचा वाटा मोठा असतो अशी थट्टाही ऐकू आली. मी थांबलो नाही. बाप म्हणून मी तिला हो म्हणालो होतो, आणि त्या एका शब्दासह ती परक्या देशात, धुण्याच्या खोलीत एकटी बसली होती. खरे बोललो म्हणून काय झाले? अर्धे खरे तिच्यापर्यंत पोचले होते, आणि अर्धे खरे माणसाचे काय करते, याचा मी चढता चढता विचार करीत होतो.

माथ्यावर वारा होता. फोन लागेना. मग लागला, वाजत राहिला, तुटला. मी पुन्हा लावला. तिने पालथा ठेवला असेल का, असे मनात आले. मी पुन्हा लावला.

"हॅलो." चित्र नव्हते, फक्त आवाज.

"माईदेई. मी गारिकाई."

मी लगेच सांगून टाकले.

"तुझं नाव घेतलं. पहिलं. नेत्सायने तुझी माती टाकली."

"हं."

"तू सगळं ऐकलं नाहीस. रेंज गेली. मी पुढेही बोललो होतो." आणि मी ते सगळे पुन्हा सांगू लागलो, आंघोळीचे, बसमधल्या पोरींचे, चुकलास म्हणाल्याचे. इथे टोपी नव्हती, ढोल नव्हता, रागावू न शकणारे अंगण नव्हते; मी अडखळलो, क्रम चुकलो, एक वाक्य दोनदा बोललो.

"हे बाबा म्हणाले?" तिने शेवटी विचारले. "की तू?"

खाली कोणीतरी मोठ्याने हसले. वाऱ्याने तो आवाज वर आणला आणि नेला.

"मी," मी म्हणालो. "ते रागावलेलेच गेले. हे माझं आहे."

पलीकडे कसलीशी घंटी वाजली. "मला जायला हवं," ती म्हणाली. "वरच्या मजल्यावरची म्हातारी. आंघोळीची वेळ झाली तिची." पावले ऐकू आली, एक दार, मग आणखी एक. फोन बंद झाला असे मला वाटले, तेवढ्यात ती म्हणाली, "ठेवू नकोस. बोलू नकोस, पण ठेवू नकोस."

तिने फोन कशावर तरी टेकवला. नळ सुटला. ती कोणाला तरी मऊ, परक्या भाषेत काही सांगत होती, आणि एक कापरा म्हातारा आवाज तिला उत्तर देत होता. ती रडत होती की नाही, हे पाण्याच्या आवाजात मला कळेना. मी कातळावर बसलो, फोन कानाशी घट्ट धरला, आणि रेंज जाऊ नये म्हणून जागचा हललो नाही.