भिंगरीचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर

बरीच वर्षं अ‍ॅम्ब्युलन्स चालवल्यावर तिला बढती मिळाली. बढती म्हणजे कंट्रोल रूममधली एक खुर्ची. आता फोन तिनं घ्यायचे, पत्ता तिनं सांगायचा आणि गाडी दुसऱ्याच कुणीतरी न्यायची. "डावीकडून घाल, शाळेच्या मागून!" असं ती माइकमध्ये ओरडायची. पलीकडचा ड्रायव्हर "हो मॅडम" म्हणायचा आणि उजवीकडूनच जायचा. घरी आल्यावरही तिला एका जागी धड बसवत नसे. आई तिला लहानपणापासून भिंगरी म्हणायची, पण एवढी भिंगरी ती लहानपणीही नव्हती.

त्याच सुमारास तिनं ती गाडी घेतली. जुनी, दोनच सीटची आणि इतकी बुटकी की सिग्नलला शेजारी ट्रक आला तर त्याच्या चाकाच्या नटांशी नजरानजर व्हायची. इंजिन ठणठणीत होतं. पण गाडी वळणावर एका अंगाला कलायची, ब्रेक दाबला की नाक खाली घालायची आणि खड्ड्यातून बाहेर आल्यावरही बराच वेळ डुलत राहायची. भिंगरीला ते डुलणं सहन होईना.

गॅरेजवाल्या काकांनी गाडी लिफ्टवर चढवून बॅटरीचा उजेड आत मारला. शॉक अ‍ॅब्सॉर्बरवरून तेल ओघळलं होतं, रबरी बुश भेगाळले होते.

"ताई, शॉक संपलेत. चांगले शॉक टाका, बुश बदला, स्प्रिंग आहेत त्याच राहू द्या. तुमच्या बजेटात एवढंच नीट बसतं."

"पण त्यानं गाडी खाली नाही बसणार. खाली बसली की कलत नाही म्हणतात."

"अजून किती खाली बसवता? आत्ताच उतरताना तुमचे गुडघे कानाला लागतात."

ती हसली, पण तिचं समाधान झालं नाही. पुढचे काही दिवस तिनं काकांना भंडावून सोडलं. सकाळी फोन केला की फक्त आखूड स्प्रिंग टाका. दुपारी म्हणाली, स्प्रिंग राहू देत, अँटी-रोल बार जाड घ्या, म्हणजे गाडी कलणार नाही. कंट्रोल रूममध्ये दोन कॉलच्या मध्ये ती मोबाइलवर लोकांच्या गाड्यांचे व्हिडिओ बघायची, आणि प्रत्येक व्हिडिओनंतर तिचं मत बदलायचं. शेवटी तिला एका दुकानात उंची कमी-जास्त करता येणारा स्प्रिंग-शॉकचा अख्खा सेट दिसला, तोही स्वस्तात. तिनं तो उचलला.

"हा कुणी बनवलाय?" काकांनी खोका उलटापालटा करून पाहिला. "नावही ऐकलं नाही कधी."

"बसवा हो काका. मला आता थांबवत नाही."

काकांनी बसवला. गाडी चार बोटं खाली आली आणि दिसायला झकास झाली. सपाट रस्त्यावर तर ती रुळावरून गेल्यासारखी वळायची. भिंगरी खूश झाली आणि रविवारी आईला घेऊन मावशीकडे निघाली.

गावाबाहेर एक लांब वळण होतं, मधोमध डांबर उखडलेलं. सेट बसवण्याआधी हीच गाडी तिथं डुलत का होईना, पण गेली असती. आता गेली नाही. नव्या ताठ स्प्रिंग दबल्याच नाहीत, मागची चाकं खाचेवर आदळून उडाली, खाली येईपर्यंत गाडीचं ढुंगण बाहेर सरकलं आणि समोरून टेम्पो आला. भिंगरीनं स्टिअरिंग उलटं फिरवलं, पाय अलगद काढला, गाडी सावरली. टेम्पो हॉर्न वाजवत अंगाला घासून गेल्यासारखा गेला.

तिनं गाडी कडेला घेतली. आईनं पट्टा सोडला, पर्स काखोटीला मारली आणि रस्त्याच्या कडेनं तरातरा चालू लागली.

भिंगरी काच खाली करून शेजारी-शेजारी गाडी हळूहळू चालवत राहिली. "आई, बस ना गं. लोक बघतायत."

"बघू देत."

"आता सावकाश चालवते."

"पेशंट घालून अशीच चालवायचीस?"

"छे!" भिंगरीला ते लागलं. "मागच्या माणसाला कळायचंही नाही गाडी कधी वळली. चाक रस्त्यावरून सुटलंच नाही पाहिजे आई, मग कितीही जोरात..." ती बोलता बोलता थांबली.

आईही थांबली. "मग हे काय घेतलंयस?"

भिंगरीनं ब्रेक दाबला. ती म्हणाली, "मला खुर्चीत बसवत नाही गं."

"ते घरात सगळ्यांना माहीत आहे," आई म्हणाली आणि कण्हत-कुंथत आत येऊन बसली. "साहेबांना सांगितलंस का?"

नव्हतं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सांगितलं. साहेब म्हणाले, बढती परत करायची तर पगारही परत जाईल, आणि जागा निघेल तेव्हाच. ती म्हणाली, चालेल. तिचं नाव यादीत लागलं. कधी जागा निघेल ते कुणालाच माहीत नव्हतं.

तो सेट तिनं पडेल भावात विकला. उरलेल्या पैशांत चांगले शॉक आणि बुश बसले, जुन्याच स्प्रिंग परत आल्या, बाकी कशालाही हात लागला नाही. काकांनी चावी देताना एवढंच विचारलं, "नक्की ना? की दुपारी फोन येणार?"

"आला तर उचलू नका," ती म्हणाली.

पुढच्या रविवारी आई आपणहून गाडीत बसली, तरी त्या वळणाआधी तिनं दाराचं हँडल घट्ट धरलं. चाक खाचेत गेलं, वर आलं आणि तिथंच शांत झालं. गाडी थोडी कलली, पण रस्ता सोडला नाही. आईनं हँडल सोडलं. परतताना तिची मान एका बाजूला झुकली आणि ती चक्क घोरायला लागली.

घर आलं तरी आई घोरतच होती. भिंगरीनं वेग कमी केला, गेटकडे पाहिलं, आणि इंडिकेटर न देताच सरळ पुढे निघाली.