कोंबड्याच्या गळ्यातलं लाळेरं

तान्ह्या नाइरोची लाळ चौथ्या महिन्यात गळायला लागली आणि थांबायचं नाव घेईना. सकाळी घातलेलं झबलं न्याहारीपर्यंत छातीवर चिंब व्हायचं. त्याच्या आईनं, एनिल्दानं, जुना परकर फाडून लाळेरी शिवली, पण ती दोरीवर वाळायच्या आत पुन्हा लागायची. पोराच्या हनुवटीखाली लाल पुरळ उठलं. खाजणाकाठच्या त्या वस्तीत घरं एकमेकांना खेटून होती. लाळेची गोष्ट लगेच घरोघरी पोचली, आणि कारण शोधत बसायची कुणाला गरज पडली नाही. पोटुशीपणी आईचे डोहाळे कुणीतरी मोडले होते.

कुणी, तेही सगळ्यांनी पाहिलं होतं. गेल्या वर्षी ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात, एनिल्दाचं पोट नुकतं दिसायला लागलं होतं तेव्हा, शेजारच्या तुलिओनं कासव कापलं. नारळाच्या दुधात ते रटरटत होतं आणि वास कुंपणावरून सारखा येत होता. एनिल्दाच्या तोंडाला असं पाणी सुटलं की तिला घरात बसवेना. तिच्या नवऱ्याचं, एलिएसेरचं, आणि तुलिओचं जाळी टाकायच्या जागेवरून वाकडं होतं, बोलणं बंद होतं. तरी एलिएसेर मान खाली घालून वाडगा घेऊन गेला. पाहुणे जेवत होते. तुलिओनं सगळ्यांदेखत वाडग्यात कासवाच्या पाठीचं रिकामं कवच टाकलं आणि म्हणाला, बायकोला सांग, चाट.

वस्तीला ठाऊक होतं ते एवढंच. एनिल्दाला पुढचंही ठाऊक होतं. त्याच दुपारी, पुरुष रम पिऊन आडवे झाल्यावर, तुलिओची बायको बेत्साबे धुण्याच्या जागी आली. तिच्या टोपलीत धुण्याखाली केळीच्या पानात बांधलेलं कालवण होतं, वर कासवाची दोन अंडी. एनिल्दानं ते तिवरांच्या आड उकिडवं बसून खाल्लं, बोटं चाटून खाल्लं. बेत्साबे वाटेकडे बघत उभी होती. तिचं डावं मनगट एकदा मोडून वाकडंच जुळलेलं होतं. ते कसं मोडलं हे तिला विचारायची कुणाला गरज नव्हती. जाताना ती इतकंच म्हणाली, "त्याला कळलं तर दुसराही हात जाईल."

तेव्हापासून एनिल्दानं याबद्दल तोंडातून अक्षर काढलं नव्हतं.

सासू कुस्तोदिया मात्र गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. तिच्या मते उपाय एकच होता. ज्यानं नाकारलं त्यानंच आपल्या हातानं कासवाचं मांस पोराच्या ओठांना लावायचं. नाहीतर पोरगं तोंड उघडं टाकून मोठं होईल, येडं म्हणतील त्याला. एनिल्दा म्हणाली, असू दे आई, सगळीच पोरं लाळ गाळतात. सासूनं तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिनंच पोराला टाकलं होतं.

शेवटी एलिएसेर दुसऱ्यांदा तुलिओच्या दारात गेला. या वेळी तुलिओ हसला. "पुन्हा पोटुशी कर तिला," म्हणाला, "मग बघू." एलिएसेरनं तेही गिळलं.

रविवारी सकाळी आखाड्यात कोंबड्यांच्या झुंजी होत्या. तुलिओ आपला तांबडा कोंबडा घेऊन रिंगणात उतरला तेव्हा कोंबड्याच्या गळ्यात फडक्याचं लाळेरं बांधलेलं होतं. त्यानं कोंबड्याची चोच पुसली आणि एलिएसेरकडे वळून विचारलं, "बापाला पण लागेल का रे एक?" सगळा आखाडा हसला. एलिएसेरचे सख्खे मावसभाऊसुद्धा हसले.

एलिएसेर घरी आला आणि कोयत्याला धार लावायला बसला. दगडावर पातं घासल्याचा आवाज ऐकून एनिल्दा बाहेर आली. तिला वाटलं, आत्ता सांगावं. मग कुंपणापलीकडे बेत्साबे कोंबड्यांना दाणे टाकताना दिसली. जाऊ नकोस, एवढंच तिच्या तोंडून निघालं. पोराच्या लाळेपायी कुणी मरत नाही, असंही काहीतरी ती बोलली. एलिएसेरनं पात्यावरून अंगठा फिरवला.

"लाळ राहू दे," तो म्हणाला. "हसले माझ्यावर."

तो कुंपण ओलांडून गेला. एनिल्दा पोराला कडेवर घेऊन मागोमाग धावली.

तुलिओला तो येणार हे माहीत असावं, कारण त्याचाही कोयता हाताशीच होता. एलिएसेरचा पहिला घाव धुण्याच्या दोरीच्या खांबात रुतला. तो उपसून काढेपर्यंत तुलिओचा घाव आला. एलिएसेरनं डावा हात आडवा घातला आणि त्याची दोन बोटं अंगणात पडली. त्यानं हाताकडे पाहिलंही नाही. पुढच्या वारात त्यानं तुलिओचा खांदा उघडा केला, आतलं पांढरं दिसलं, मग ते रक्तानं भरलं. दोघंही धापा टाकत गोल फिरू लागले, सकाळच्या त्या कोंबड्यांसारखेच. कुंपणाबाहेर लोक जमले, पण आत कुणी येईना. एलिएसेरच्या हातातून रक्ताची धार लागली होती आणि त्याचा कोयता खाली येत चालला होता. पुढचा घाव त्याच्या मानेवर येणार हे एनिल्दाला स्पष्ट दिसलं.

"खाल्लंय मी," ती ओरडली. "त्याच दिवशी खाल्लं कासव, पोटभर. माझे डोहाळे पुरलेत!"

एलिएसेर वळला. तुलिओचा कोयता हवेतच थांबला.

"कुणी दिलं?" तुलिओनं विचारलं.

बेत्साबे दारात उभी होती, आणि तिनं ते वाकडं मनगट नकळत पोटाशी धरलं. तुलिओला तेवढं पुरलं. तो एलिएसेरला सोडून घराकडे गेला, अगदी सावकाश, काही घाई नसल्यासारखा, आणि त्यानं बायकोवर कोयता चालवला. तिनं हात वर केला म्हणून डोकं वाचलं. दंड हाडापर्यंत चिरला. ती उंबऱ्यातच बसली. त्यानं पुन्हा कोयता उचलला.

एनिल्दानं पोराला मातीत ठेवलं. उखळात मुसळ उभं होतं. ते तिनं दोन्ही हातांनी उचललं आणि मागून तुलिओच्या कोपरावर घातलं. वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. कोयता पडला. तो वळायला गेला तेव्हा तिनं गुडघ्यावर घातलं. तो खाली कोसळला. तिथं थांबता आलं असतं. ती थांबली नाही. बरगड्यांवर, मोडलेल्या हातावर, पुन्हा बरगड्यांवर. तो कण्हायचा बंद झाला तरी मुसळ वर जात होतं आणि खाली येत होतं. आपल्याला बरं वाटतंय हे तिच्या ध्यानात आलं, आणि तरी हात चालूच राहिले. एलिएसेरनं रक्ताळलेल्या पंज्यानं तिला मागून कव घातली आणि ओढून बाजूला केलं.

नाइरो मातीत पालथा पडून रडत होता. त्याच्या गालाला कुणाचं तरी रक्त लागलं होतं.

तालुक्याच्या इस्पितळात तिघा जखमींना एकाच मोटारबोटीनं नेलं, पोराला घेऊन एनिल्दाही चढली. तुलिओ तळाशी पडला होता, जिवंत होता. इस्पितळात नर्सनं एलिएसेरचा हात शिवला आणि मग पोराचं तोंड पुसता पुसता त्याच्या हिरड्यांवरून बोट फिरवलं. दात येतायत, म्हणाली. तोंडात पाणी सुटतं आणि ते गिळायचं अजून यांना कळत नाही, म्हणून गळतं. शिकेल. एलिएसेरनं ते ऐकलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

पोलीस आले तेव्हा वस्तीत कुणी काही पाहिलेलं नव्हतं. बाईनं हाड मोडलं हे तुलिओच्या तोंडून निघेना, म्हणून त्यानं होडीतून पडलो असं सांगितलं. त्याचा उजवा हात पुन्हा सरळ झाला नाही. एलिएसेरला आठ बोटांनी पागाचं जाळं फेकता येईना. आता होडीच्या नाळेवर, पुढच्या टोकाला, जाळं घेऊन एनिल्दा उभी राहते आणि तो वल्हवतो. पावसाळ्याच्या तोंडाला नाइरोची लाळ कमी झाली. तुलिओचं रक्त सांडलं म्हणून थांबली, असं कुस्तोदिया आजही सांगते, आणि लोक मान डोलावतात.

बेत्साबे इस्पितळातून परतली ती आपल्या दोन मुलींचे कपडे बांधायलाच. शहरात तिची बहीण होती. धक्क्यावर एनिल्दा तिला निरोप द्यायला गेली. मुली बोटीत चढल्या. बेत्साबेचा हात गळ्यात बांधलेला होता.

"तू गप्प बसायला हवं होतंस," बेत्साबे म्हणाली. आवाजात राग नव्हता.

"एलिएसेर मेला असता."

"मेला असता," बेत्साबे म्हणाली. "किंवा तुलिओ."

मग बोटवाल्यानं हात पुढे केला. तो धरून ती आत उतरली आणि मुलींच्या मधे जाऊन बसली.