काळी दिसायला हवी होती ती स्लाइड

सुनेने पिट्युटरी ग्रंथीच्या पेशींत नवं पेप्टाइड, म्हणजे एक चिमुकलं प्रथिन, शोधलंय, हे सासूबाईंनी अर्ध्या गल्लीला सांगून टाकलं होतं. आज त्या स्वतःच प्रयोगशाळेत हजर झाल्या.

"दाखव गं तुझा पराक्रम," म्हणत त्यांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला. "अगंबाई! हिरवे काजवेच काजवे!"

सुनेचं लक्ष ट्रेकडे गेलं. दाखवायची स्लाइड ट्रेमध्येच होती. घाईत तिने तुलनेची स्लाइड लावली होती. हिच्यावर पेप्टाइड ओळखणारी अँटिबॉडी घातलीच नव्हती, फक्त तिला धरून चमकणारा रंग घातला होता. धरायला काहीच नसताना तो धुऊन जायला हवा होता, पेशी काळ्या दिसायला हव्या होत्या. दाखवायची स्लाइड झगमगली, त्या आनंदात हिच्याकडे बघायचंच राहून गेलं होतं. रंग वाटेल तिथे चिकटत होता, म्हणजे त्या स्लाइडची चमकही पुरावा नव्हती. पेप्टाइड असेलही, पण तिला ते दिसलं नव्हतं.

"आई, ही चमक खोटी आहे."

"खोटी कशी? मोतीबिंदू असून मला दिसतेय की!"

शेजारच्या खोलीत तिचे मार्गदर्शक सर हाच शोध दुपारच्या सभेत मांडायची तयारी करत होते.

"मग आता शेजारणींना मी काय सांगू?" सासूबाईंचा आवाज एकदम उतरला.

"आधी मी सरांना काय सांगू, ते सुचू दे," सून म्हणाली आणि मान खाली घालून तिने सरांचं दार वाजवलं.