दार बंद आहे असं समज

हिरवा दिवा पुन्हा विझला... मोहरीएवढा, रांगेतला पाचवा—लागला, थरथरला, विझला, आणि तिच्या पाठीमागे पुठ्ठे कापायचं मशीन धाप लागल्यासारखं थांबलं. पॅनेल उघडं टाकून ती स्टुलावर बसली होती, मांडीवर लॅपटॉप. समोर पट्टीवर कंट्रोलरचे भाग एकमेकांना खेटून बसवलेले—एक वीज पुरवणारा, एक विचार करणारा, एक बाहेरचं ऐकून घेणारा, एक हुकूम सोडणारा. ऐकून घेणाऱ्या मॉड्यूलवरचा हा पाचवा दिवा एकच गोष्ट सांगायचा : पात्यांपुढचं जाळीचं दार बंद आहे. ते उघडलं की तो विझायचा, आणि पाती थांबायची. सकाळपासून दाराची झिजलेली बिजागरी हादऱ्याने सुटत होती, दार बोटभर बाजूला सरकत होतं, आणि दिवा बिचारा खरं तेच सांगत होता...

"वेल्डर दुपारनंतर येतो म्हणतोय," मागून भाऊजींचा आवाज आला. "ट्रक गेटवर उभा आहे. तेवढ्यापुरतं फोर्स करून टाक."

भाऊजी म्हणजे ताईचे यजमान, आणि या कारखान्याचे प्रॉडक्शन मॅनेजर. घरात भाऊजी, इथे साहेब. पण आज त्यांनी तिला, इथल्या इंजिनियरला, 'मॅडम' म्हटलं नव्हतं, हे तिच्या लक्षात आलं. फोर्स करायचं म्हणजे लॅपटॉपवरून कंट्रोलरला बजावायचं—दाराकडे बघूच नकोस. मग ते सताड उघडं असलं तरी पाती फिरत राहणार.

"पुठ्ठा अडकला की मावशी हात घालतात आत," ती म्हणाली. "दार उघडलं की पाती थांबतात, हे त्यांच्या हातांना पाठ झालंय. डोक्याला विचारायला ते थांबत नाहीत."

"त्यांना सांगून ठेवू. काय हो मावशी?"

मशीन चालवणाऱ्या मावशी कमरेवर हात ठेवून उभ्याच होत्या. "टाक गं करून. मी काय कालची पोर आहे? सांभाळते मी हात. सारखं चालू-बंद, चालू-बंद, जीव विटला माझा."

हे तिला अपेक्षित नव्हतं. फिर्यादीनेच साक्ष फिरवावी तसं झालं. भाऊजी हसले, मावशीही हसल्या, आणि क्षणभर वाटलं, आपणही हसून मोकळं व्हावं... एकटीनेच कशाला जगाची काळजी वाहायची?

"एका क्लिकचं काम," भाऊजी म्हणाले. "दार बंद आहे असं समज."

असं समज. पॅनेलमधला तो छोटा पंखा घुमत राहिला आणि ती एकदम ताईच्या जुन्या बाथरूममध्ये उभी होती—बाबा गेल्यावर तिला ताईकडे आणून ठेवलं त्या वर्षी, ओल्या फरशीवर, अंगाला टॉवेल घट्ट लपेटून. कडी लागत नव्हती. कितीतरी दिवस धीर गोळा करून तिने सांगितलं होतं, भाऊजी, आतली कडी लागत नाही. पेपरातून डोकं न काढता ते म्हणाले होते, कोण येतंय तिथं? आपलंच घर आहे, बंद आहे असं समज. त्यात वाईट काही नव्हतं... हेच तर अवघड होतं. हाच माणूस तिला परीक्षेला स्कूटरवरून सोडायला जायचा, तापात उशाशी बसायचा. त्याच्याकडे दुसऱ्यांदा काय मागायचं? मग भरलेली बादली दाराला टेकवून, एक कान बाहेर ठेवून अंघोळ—शाळा संपेपर्यंत, कॉलेज संपेपर्यंत. त्या घरात तिने डोळे मिटून तोंडाला साबण लावला नाही कधी. आणि लोक म्हणायचे, किती गुणाची पोर, कुठेही ठेवा, कुरकुर म्हणून नाही. पुढे नवी कडी आपोआप आली. पाहुणे उतरणार होते म्हणून.

"चार माणसांत माझं ऐकत नाहीस असं दिसायला नको," भाऊजी आता हळू बोलत होते.

स्क्रीनवर चौकट उघडून तयार होती. ओठांवर 'बरं' येऊन बसलंच होतं, इतक्या वर्षांचं, न बोलावता येणारं...

"नाही करणार."

"काय?"

"मी नाही करणार, भाऊजी. बिजागरी बसली की मशीन आपसूक चालेल."

ते थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिले. रागाने नाही, घरातल्या एखाद्या वस्तूने अचानक तोंड उघडावं तसे. मग त्यांनी हात पुढे केला. "लॅपटॉप दे. नव्या इंजिनियरकडून करून घेतो."

कंट्रोलरच्या तोंडावर एक बारीक किल्ली असते. ती एका अंगाला फिरवली की आतलं अक्षरही कुणाला बदलता येत नाही, लॅपटॉप कुणाचाही असो. तिने ती फिरवली, काढली, शर्टाच्या खिशात टाकली. मग लॅपटॉप मिटून नीट दोन्ही हातांनी त्यांना दिला.

"किल्ली?"

"वेल्डर येऊन गेला की देते."

"आता ट्रकवाला माझ्यावर डाफरणार," मावशी कुरकुरल्या. "काय सांगू त्याला?"

"माझं नाव सांगा."

भाऊजी लॅपटॉप काखेत मारून दोन पावलं गेले आणि वळून म्हणाले, "घरी बोलू."

कँटीनमध्ये कोपऱ्यातलं टेबल रिकामं होतं. ती तिथे जाऊन बसली. फोन वाजला—ताई. बातमी तिच्याआधी घरी पोचली होती.

"हे म्हणतात, तू सगळ्यांसमोर त्यांचा अपमान केलास."

"मी नाही म्हटलं, ताई. एवढंच."

"एकच झालं ते."

ताईच्या आवाजात राग नव्हता. मीठ कमी पडलंय सांगावं तसं ती बोलली होती. आणि खरंच, त्या घरात ते एकच होतं—नाही म्हणणं आणि अपमान करणं, उपकार विसरणं, पाठ फिरवणं, सगळं एकाच शब्दात मावायचं. ताईने तरी कधी नाही म्हटलं होतं? आठवेना. ताई किती वर्षं बादली लावून बसली असेल, कुठल्या कुठल्या दारांना... हा विचार आधी कसा आला नाही?

आता नेहमीचं वाक्य यायला हवं होतं : चुकलं माझं, मागते माफी. तिने त्याची वाटही पाहिली. आलं नाही. संध्याकाळी त्या घराची पायरी कशी चढायची ठाऊक नव्हतं, उद्या नोकरी असेल की नाही तेही नव्हतं; भीती होती तशीच होती, फक्त त्या भीतीचं ऐकायलाच हवं असं वाटत नव्हतं.

"ऐकतेयस ना?" ताईने विचारलं.

"ऐकतेय," ती म्हणाली, आणि पुढे काही बोलली नाही. पलीकडे ताईही गप्प झाली. एरवी अशी शांतता पडली की ती घाईघाईने काहीतरी बोलून बुजवायची. आज तिने ती तशीच राहू दिली.