दिसेनाशी होईपर्यंत

मी तळ्यात सोडायची तबकडी बोलतेय. जेवणाच्या ताटाहून थोडी लहान, गोल, पत्र्याची. माझे चार भाग केलेत, दोन काळे आणि दोन पांढरे, समोरासमोर. मधोमध भोक आहे, त्यातून दोर ओवलेला. दोरावर दर दहा सेंटिमीटरला लाल खूण.

माझं काम सांगितलं की लोकांना हसू येतं. मला पाण्यात सोडायचं आणि मी दिसेनाशी झाले की दोरावरची खूण वाचायची. मग मला हळूहळू वर ओढायचं आणि मी पुन्हा दिसू लागले की तीही खूण वाचायची. दोन्हींच्या मधला आकडा वहीत लिहायचा. पाणी जितकं स्वच्छ, तितकी मी खोल जाते. झालं! एवढ्यावर तळ्याची तब्येत कळते.

माझा जन्म निसर्ग केंद्राच्या मागच्या पडवीत झाला, एका निवृत्त प्लंबरच्या हातून. केंद्रात सगळे त्यांना नळवाले म्हणतात. मी पाण्यात सरळ बुडावं म्हणून त्यांनी माझ्या पोटाखाली एक जुनी पितळी तोटी अडकवली. "आयुष्यभर लोकांच्या घरातलं पाणी बाहेर काढलं, आता जरा पाण्याच्या बाजूनं काम करू," असं ते मला रंगवताना म्हणाले होते. दर शनिवारी अकराच्या सुमारास होडी वल्हवायची, हे काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं. वल्ही आणि तोंड त्यांचं एकाच वेळी चालायचं.

माझा दोर मात्र बाईंच्या हातात असे. बाई म्हणजे छापखान्यातून निवृत्त झालेल्या. तीस वर्षं त्यांनी प्रुफं तपासली होती. कुठे काना राहिला, कुठे अनुस्वार जास्त पडला, हे त्यांना पान हातात घेतल्याबरोबर कळायचं. केंद्रात आल्या त्या पहिल्याच दिवशी त्यांनी फुलपाखरांच्या फलकावरच्या चार चुका काढल्या होत्या. केंद्राच्या प्रमुख वयानं त्यांच्या मुलीएवढ्या, सगळे त्यांना मॅडम म्हणत. मॅडमनी ताडलं, की या डोळ्यांना काम द्यायला हवं. त्यांनी मला बाईंच्या स्वाधीन केलं.

चार वर्षं आमचं तिघांचं छान चाललं. बाई होडीच्या सावलीच्या बाजूला वाकायच्या, मला सोडायच्या आणि म्हणायच्या, "गेली." मग वर ओढता ओढता, "आली." तीन मीटर साठ. तीन मीटर पन्नास. कधी पावसानं गढूळलं तर दोन ऐंशी. बाईंचं अक्षर असं, की वही छापल्यासारखी दिसायची.

मग आकडे उतरू लागले. तीन मीटर वीस, तीन, दोन पंच्याहत्तर. वर्ष उलटलं तेव्हा आम्ही दोन मीटर दहावर आलो होतो. मॅडमनी भिंतीवर आलेख लावला, त्यातली रेघ जिना उतरावी तशी खाली येत होती. तळ्याला मिळणाऱ्या ओढ्याकाठी एक लाँड्री होती, नवरा-बायको आणि सासू मिळून चालवायचे. साबणाचं पाणी तिथूनच येत असणार, असं आधी कोणीतरी म्हणालं, मग सगळेच म्हणू लागले. लाँड्रीवाली एकदा केंद्रात येऊन सांगून गेली, की आमचं सगळं पाणी गटाराच्या नळीला जोडलंय, ओढ्यात थेंब जात नाही. मॅडमनी ऐकून घेतलं. पण आलेख समोर होता.

नगरपालिकेला तक्रारीचं पत्र द्यायचं ठरलं. ते लिहिलं बाईंनीच. सोमवारी नेऊन द्यायचं म्हणून त्यांनी ते आपल्या पिशवीत ठेवलं. त्याच पिशवीत मीही होते, त्यामुळे ते पत्र माझ्या अंगाला घासत तळ्यापर्यंत आलं.

त्या शनिवारी नळवाले गप्प होते. बाईंनी विचारलं, "बरं नाही का?" ते नुसते हुं म्हणाले. बाईंनी मला सोडलं. दोन मीटर दहा. "गेली," बाई म्हणाल्या.

नळवाल्यांनी वल्ही आत घेतली.

"बाई, मला अजून दिसतेय ती."

"उन्हाची तिरीप असेल."

"तिरीप नाही. पांढरा भाग चांगला दिसतोय. सोडा अजून दोर."

बाईंनी दोर सोडला. माझ्याभोवती पाणी हिरवं होत गेलं, थंड होत गेलं. मी कितीतरी दिवसांनी इतकी खोल आले होते. तीन मीटर पन्नासला वरून नळवाल्यांचा आवाज आला, "आता गेली." बाईंनी मला वर ओढलं, पुन्हा सोडलं. तीनदा केलं. तिन्ही वेळा त्यांच्या आणि नळवाल्यांच्या आकड्यात जवळजवळ दीड मीटरचा फरक पडला.

मला होडीत ठेवून बाई बसून राहिल्या. त्यांना जवळचं उत्तम दिसत होतं. हल्ली तर चष्म्याशिवाय पेपर वाचता येतो, असं त्या कौतुकानं सांगायच्या. त्यामुळे डोळ्यांची शंका त्यांच्या मनाला शिवलीच नव्हती.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"मागच्या थंडीपासून तरी."

"आणि तुम्ही बोलला नाहीत."

नळवाले खाली बघत म्हणाले, "तुमच्या डोळ्यांबद्दल तुम्हाला मी काय सांगणार? वाटलं, मीच चुकत असेन. मग वाटलं, तुम्हाला वाईट वाटेल."

"तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका दाखवत आले," बाई म्हणाल्या. "माझी दाखवायला कोणी नको होतं का?"

नळवाल्यांनी होडी काठाकडे वळवली. मी ओली, पायाशी पडले होते. वर एक आकडा दिसतो आणि खाली दुसराच असतो, हे मला सगळ्यांच्या आधी कळलं होतं. पण मला विचारतो कोण?

काठाला लागल्यावर बाई मला पिशवीत टाकून तशाच मॅडमच्या खोलीत गेल्या. मॅडमचा चेहरा पडला. एवढ्या महिन्यांचे आकडे होते. सगळे कशाला टाकायचे, असं त्यांना वाटत होतं. मोजमापात थोडं इकडे तिकडे होतंच, काही सरासरी काढून धरता येईल का, नळवाल्यांना काही आठवतंय का, असं त्या चाचपडत म्हणाल्या. मग स्वतःच थांबल्या आणि म्हणाल्या, "नाही. आठवणीला आकडा म्हणता येत नाही."

बाईंनी वही ओढून घेतली. शेवटचं खात्रीचं पान कोणतं, ते सांगता येईना, म्हणून त्या चौदा महिने मागे गेल्या. लाल पेन काढलं आणि प्रत्येक ओळीवर एक सरळ रेघ मारली, समासात प्रुफात करतात तशी गाळण्याची खूण केली, शेजारी सही केली. छप्पन्न ओळी. मग पेनाला टोपण लावून वही मॅडमसमोर ठेवली.

पत्र त्यांनी फाडलं. मॅडम म्हणाल्या, की पत्र गेलेलंच नाही, आता कोणाला काही सांगायची गरज नाही. बाईंनी पिशवी उचलली आणि सरळ लाँड्री गाठली.

लाँड्रीवाली इस्त्री करत होती. बाईंनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पाणी चांगलं आहे, माझे डोळे बिघडलेत, आणि तुमच्यावर आळ आला तो माझ्या आकड्यांमुळे. लाँड्रीवालीनं हातातला शर्ट पुरा केला, घडी घातली.

"मला सांगितलंत ते बरं केलंत," ती म्हणाली. "पण दोन गिऱ्हाईकं तुटली, त्यांना कोण सांगणार?"

बाईंनी तिथेच कागद मागून घेतला आणि जाहीर खुलासा लिहिला. खाली स्वतःचं पूर्ण नाव घातलं. लाँड्रीवालीनं तो दोनदा वाचला आणि एका शब्दावर बोट ठेवलं. तिथे वेलांटी राहिली होती. बाईंनी ती दिली. त्या दिवसात पहिल्यांदाच त्या हसल्या, आणि मग लाँड्रीवालीनं त्यांच्याकडे स्टूल सरकवलं.

एक कागद लाँड्रीच्या काचेवर लागला, दुसरा केंद्राच्या दारात. एक गिऱ्हाईक परत आलं, दुसरं नाही आलं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला, दोन्ही डोळ्यांत; जवळचं चष्म्याशिवाय दिसू लागलं ते त्यामुळेच, म्हणाले. महिन्याच्या अंतरानं दोन शस्त्रक्रिया झाल्या. तेवढे शनिवार मॅडम आणि नळवाले मला तळ्यावर नेत. बाई नसल्यामुळे नळवाले वल्हवताना मॅडमना गुळणी धरून बसलेल्या नळांच्या गोष्टी सांगत.

मग एका शनिवारी बाई आल्या. मला हातात घेतलं, फिरवून पाहिलं.

"अहो, हिचा पांढरा रंग पार पिवळा पडलाय. इतकी वर्षं तुमच्या लक्षात नाही आलं?"

नळवाल्यांनी त्याच दुपारी मला दोन हात रंग दिला. वाळून पुन्हा पाण्यात गेले तेव्हा बाई तीन मीटर पंचावन्नपर्यंत माझ्याकडे बघत होत्या.

आता केंद्रात नियम आहे. दोघांनी मोजायचं, एकमेकांना न सांगता आपापल्या चिठ्ठीवर लिहायचं, मग चिठ्ठ्या उघडायच्या. नवे स्वयंसेवक येतात त्यांना बाई आधी डोळे तपासून यायला सांगतात. त्या खोडलेल्या ओळींचं पान दाखवतात, काही लपवत नाहीत. लोकांना ते पान आलेखापेक्षा जास्त लक्षात राहतं, असं मॅडम म्हणतात.

यंदा तळ्यासाठी प्लॅस्टिकची नवी तबकडी आली आहे, रंग न उडणारी. वर्षभर आम्ही दोघी जोडीनं बुडालो. आमचे आकडे जुळले. मला आता भिंतीवर टांगतील असं मला वाटलं होतं, आणि खरं सांगते, मी मनाची तयारीही केली होती.

पण काल बाईंनी मला कापडात गुंडाळलं. टेकडीपलीकडे दुसरं एक तळं आहे. तिथल्या चार-पाच जणांनी केंद्राला लिहिलं, की आम्हालाही मोजायचंय, शिकवाल का? नळवाल्यांनी माझा दोर नवा केला, आणखी दोन मीटर लांब ठेवला, लागला तर असावा म्हणून.

मंडळी, तुमच्या जवळपास असं केंद्र असेल तर आठवड्यातली एक सकाळ त्याला द्या. फार काही येत नसलं तरी चालतं. बघायचं, आणि दिसलं तेवढंच लिहायचं.

चला, पिशवी उचलली बाईंनी. त्या तळ्याचं पाणी किती खोलवर स्वच्छ आहे, हे अजून कोणालाच माहीत नाही. आज अकरा वाजता पहिल्यांदा कळेल.