बाईसाहेबांची चार मिनिटं

बाईसाहेब बरोबर चार मिनिटं चालायच्या. पाचव्या मिनिटाला एक आचका, मग एक उचकी, आणि मग अशी शांतता की शेजारच्यांचा ठिबकणारा नळसुद्धा ऐकू यावा.

बाईसाहेब म्हणजे गाडी. लाल, दोन सिटांची, बिनछपराची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी आणि वयानं तेहतीस. बटण दाबलं की तिचे दिवे झाकणं उघडून वर यायचे. म्हणजे यायला हवे होते. प्रत्यक्षात उजवा उठायचा आणि डावा झोपून राहायचा, त्यामुळे बाईसाहेब येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना डोळा मारतायत असं वाटायचं. चार वर्षांपूर्वी बाबांनी ती घरी आणली तेव्हा आईनं तिच्याभोवती एक चक्कर मारली, आत डोकावून बघितलं आणि विचारलं, "घरात आपण तिघं. सीट दोन. कोणाला वगळलंय ते एकदा सांगून टाका."

बाबांनी उत्तर म्हणून बॉनेट उघडलं.

बाबा दातांचे डॉक्टर. दात आणि इंजिन यांत फारसा फरक नाही, असं त्यांचं ठाम मत. दोन्ही झिजतात, दोन्हीकडे अंधारात हात घालावा लागतो. फरक इतकाच की दवाखान्यात पेशंट ओरडायचे आणि गॅरेजमध्ये बाबा. हत्यारंही त्यांनी दवाखान्यातूनच आणलेली: तोंडात घालायचा तो दांडीचा गोल आरसा, दात कोरायची बारीक आकडी, चिमटे, कापसाचे बोळे. गाडीखाली आडवे होऊन, आरशात बघत ते "हंऽऽ, इथे जरा काळं दिसतंय" म्हणायला लागले की आता बाईसाहेबांना गुळणी करायला सांगणार, असं भिंगरीला हमखास वाटायचं.

भिंगरी म्हणजे त्यांची लेक. एका जागी बूड टेकत नाही म्हणून हे नाव; खरं नाव शाळेच्या हजेरीपटात सुखरूप होतं. वय सोळा पूर्ण, आणि बाबांचा शब्द होता: "अठराची झालीस की किल्ली तुझी." त्या एका वाक्यावर तिनं चार वर्षं टॉर्च धरला होता. आणि टॉर्च धरणं म्हणजे काय, हे ज्यानं धरलाय त्यालाच कळेल. आपण बघतो तिथे प्रकाश पडतो, बाबा बघतात तिथे पडत नाही, आणि त्यांना मान हलवायची नसते. "इकडे. इकडे गं! इकडे म्हणजे तिकडे!"

पण आता त्या किल्लीचंच काही खरं नव्हतं.

झालं असं की आईचा पडदे शिवायचा व्यवसाय जोरात चालला होता. एका वसतिगृहाच्या बेचाळीस खिडक्यांचं काम आलं होतं आणि जेवणाच्या टेबलावर जेवणाला जागा उरली नव्हती. तिघंही मांडीवर ताट घेऊन जेवायचे आणि घासागणिक दोरा निघायचा. आईला कापडं कापायचं मोठं टेबल लावायला गॅरेज हवं होतं. त्यात तिच्या एका गिऱ्हाइकानं, म्हणजे नाक्यावरच्या हॉटेलवाल्यानं, गाडी बघितली आणि तो हरखूनच गेला. त्याला बाईसाहेब हव्या होत्या. चालवायला नव्हे. मधोमध कापून पुढचा अर्धा भाग हॉटेलच्या भिंतीतून बाहेर आल्यासारखा बसवायला.

"बॉनेटवर गल्ला ठेवणार," तो म्हणाला. "लोक फोटो काढतील."

त्यानं टेप लावून गाडी मोजली. मग आईकडून शिवणकामाचा खडू मागून घेतला आणि दारावर उभी रेघ मारली. "इथून कापू."

बाबांचा चेहरा असा झाला, जसं भूल न देता कोणीतरी त्यांचीच दाढ काढली. भिंगरीनं ओल्या फडक्यानं ती रेघ पुसली. पुसली तरी ती तिला दिसतच राहिली.

रडारड, अबोला, दार आपटणं हे सगळं झाल्यावर आईनं निकाल दिला. "येत्या रविवारी, दुपारी बाराच्या आत, ही गाडी स्वतःच्या दमावर वसाहतीला एक फेरा मारून फाटकातून आत आली पाहिजे. आली तर राहील. नाही आली तर हॉटेलवाले भाऊ घेऊन जातील. आणि ढकलायचं नाही. कोणीही, कुठूनही."

वसाहतीचा फेरा म्हणजे खड्डे धरून दहा मिनिटं. बाईसाहेबांच्या अंगात दम चार मिनिटांचा.

तो आठवडा भिंगरी जन्मात विसरणार नव्हती. बाबांचं रोज नवं निदान आणि रोज नवा पार्ट. कॉइल बदलली, चार मिनिटं. कार्ब्युरेटर खोलून, धुऊन, परत बसवला आणि दोन स्प्रिंगा जास्तीच्या उरल्या, तरी चारच मिनिटं. मंगळवारी टाकीत गंज आहे का बघायला सगळं पेट्रोल डब्यात काढलं. टाकी आरशासारखी लख्ख. पेट्रोलची नवीन नळी मागवली ती दुसऱ्याच मॉडेलची आली, आणि बाबांनी ती "बघू बसते का" म्हणत दोन तास बसवली. ती बसली नाही. शेवटी बाबाच बसले, कंबर धरून.

रविवारी सकाळी नवीन पंप लावायचा होता.

"टॉर्च."

"धरलाय."

"मला दिसेल असा धर."

"बाबा, मी काय म्हणते, तिला पेट्रोल मिळत नाहीये असं नाही. आधी मिळतं. मग मिळायचं थांबतं. मग अर्धा तास थांबलं की परत मिळतं. असं का?"

"म्हणूनच पंप. बारा नंबरचा पाना दे."

"पण जुना पंपसुद्धा—"

"बारा नंबर, बेटा. व्याख्यान नको."

तिनं पाना दिला. बाबांनी नट सोडवला आणि तो त्यांच्या बोटांतून निसटला. एकदा टण्ण झालं. दुसऱ्यांदा टण्ण झालं. जमिनीवर मात्र काहीच पोचलं नाही. दोघं श्वास रोखून तिसऱ्या आवाजाची वाट बघत राहिले. तो आलाच नाही. गाडी नट गिळते ही गोष्ट शास्त्राला अजून मान्य नाही, पण त्या गॅरेजमध्ये ती रोजची होती.

बाबांनी मग एक शब्द उच्चारला.

"ऐकलं मी!" आई आतून ओरडली.

साडेदहाला पंप बसला. बाबांनी किल्ली फिरवली आणि बाईसाहेब अशा काही गुरगुरल्या की खिडकीची काच थरथरली. एक मिनिट. दोन. बाबा स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरायला लागले. तीन. "बघ! पंपच होता!" चार. आचका. उचकी. ठिबकणारा नळ.

बाबा उतरले आणि हात धुवायला गेले. काळं ग्रीस धुवायला नव्हे. ते रडवेले झाले की हात धुवायचे.

भिंगरी मागच्या चाकाशी फतकल मारून बसली. शेजारी तिची सरबताची बाटली होती, पातळ प्लॅस्टिकची. तिनं ती तोंडाला लावली आणि रागारागात ओढत राहिली, ओढत राहिली, आणि बाटलीचं पोट कडकड करत आत गेलं. मग सरबत यायचंच थांबलं. तिनं ओठ सोडले. फुस्स. बाटली परत टम्म.

ती बाटलीकडे बघत राहिली. मग टाकीच्या झाकणाकडे.

तिनं उठून झाकण फिरवलं.

फुऽऽऽस्स.

टाकीनं असा श्वास घेतला, जसं कोणीतरी इतका वेळ तिचं नाक दाबून धरलं होतं. भिंगरीनं उडी मारून किल्ली फिरवली. अर्धा तास न थांबता, पहिल्या फटक्यात बाईसाहेब सुरू!

"बाबाऽऽ!"

बाबा साबणाच्या हातांनी धावत आले. तिनं एका दमात सगळं सांगितलं: बाटली, ओठ, फुस्स. बाबांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. "नाही गं. टाकीला हवा घ्यायला वेगळी नळी असते, मागच्या बाजूला. मी स्वतः साफ केलीय ती."

"कधी?"

"हिवाळ्यात. टाकी उतरवली होती ना तेव्हा."

"आणि चार मिनिटांचं नाटक कधीपासून?"

बाबांनी बोटांवर महिने मोजले, तर तेही हिवाळ्यातच येऊन थांबले. त्याआधी तर बाईसाहेब चालूच व्हायच्या नाहीत. चार मिनिटं ही त्यांच्या मते मोठी प्रगती होती.

भिंगरीनं गाडी बंद केली, त्यांच्या खिशातून आरसा काढला, आकडी काढली आणि ती गाडीखाली सरपटत गेली. "बाबा, टॉर्च." बाबांनी धरला. "इकडे नाही, तिकडे." त्यांनी तिकडे धरला. आरशात नळीचं तोंड दिसलं आणि त्या तोंडात काहीतरी पांढुरकं. आकडी घातली, फिरवली, ओढली.

बाहेर आला तो कापसाचा बोळा. व्यवस्थित वळलेला, बोटाच्या पेराएवढा, एका टोकाला पिवळट झालेला.

भिंगरीनं तो बाबांच्या नाकासमोर धरला.

"धूळ जाऊ नये म्हणून," बाबा हळूच म्हणाले.

"घातला."

"घातला."

"आणि काढला नाही."

"दवाखान्यात किती घातले, किती काढले ते मोजायला सिस्टर असते गं," बाबांचा आवाज अगदी बारीक झाला. "घरी कोण मोजणार?"

भिंगरीला इतकं हसू आलं की तिचं डोकं सायलेन्सरवर आपटलं, आणि दुखलं तरी हसू थांबेना. कॉइल, पंप, दोन स्प्रिंगा, बाबांची कंबर. सगळं एका बोळ्यापायी! बाबा आधी लाल झाले, मग तेही खुसखुसायला लागले.

मग घड्याळात बघितलं तर साडेअकरा. हॉटेलवाला फाटकाशी येऊन उभासुद्धा राहिला होता, मागे त्याचा ट्रक आणि खांद्यावर दोर.

बाबा स्टिअरिंगवर, भिंगरी बाजूला घड्याळ घेऊन. बाईसाहेब गुरगुरल्या आणि हॉटेलवाल्याला डोळा मारून निघाल्या. चौथं मिनिट आलं तेव्हा दोघांनी श्वास कोंडला. पाचवं आलं. "पाच, बाबा! पाच!" सहावं, सातवं. आठव्या मिनिटाला बाबा आपल्या भसाड्या आवाजात गायलाच लागले आणि एक कुत्रं भुंकत मागे लागलं. शेवटचं वळण घेतलं. समोर फाटक, फाटकात आई.

आचका. उचकी.

गाडी रस्त्याच्या कडेला थांबली. फाटक दीडशे पावलांवर. अकरा बेचाळीस.

बाबांनी कपाळ स्टिअरिंगवर टेकलं. भिंगरीनं धावत जाऊन टाकीचं झाकण उघडलं. फुस्स नाही, काहीच नाही. आता तिच्या डोळ्यांसमोर ती खडूची रेघ आली, आणि रेघेवर करवत. हॉटेलवाला दोर सोडवत येत होता. त्याच्या पुढे आई, हातात मापांचा कागद, गळ्यात टेप.

आई गाडीजवळ आली आणि तिनं विचारलं, "अहो, पेट्रोल आहे का?"

"काटा अर्ध्यावर आहे," बाबा मान वर न करता म्हणाले.

"तो काटा गाडी आली त्या दिवसापासून अर्ध्यावर आहे. मंगळवारी काढलेला डबा गॅरेजमध्ये रोज माझ्या पायात येतोय. परत किती घातलंत?"

बाबांनी मान वर केली. "चाचणीपुरतं."

"किती चाचण्यांपुरतं?"

भिंगरी उत्तराला थांबलीच नाही. भिंगरीसारखी पळाली. जाताना दीडशे पावलं आणि येताना, हातात जड डबा असल्यामुळे, साधारण तीन हजार.

"हे काही नियमात बसत नाही, ताई," हॉटेलवाला कुरकुरला.

"ढकलायचं नाही, असं ठरलं होतं भाऊ. पाजायचं नाही असं कोण म्हणालं?" आईनं हातातल्या कागदाची गुंडाळी करून त्याचं नरसाळं केलं. त्या कागदावर हॉटेलवाल्याच्याच पडद्यांची मापं होती. पेट्रोल गटगट आत गेलं. किल्ली फिरली. एकदा नुसतं घरघर. दुसऱ्यांदा घरघर. तिसऱ्यांदा बाईसाहेबांनी असा आवाज काढला की हॉटेलवाला दोन पावलं मागे सरकला.

अकरा छप्पन्नला गाडी फाटकातून आत आली. भिंगरी सिटवर उभी राहून नाचत होती आणि बाबा तिला खाली ओढता ओढता स्वतःच हॉर्न दाबत होते. हॉर्न तेवढा चार वर्षांत कधी बिघडला नव्हता. हॉटेलवाल्यानं दोर गुंडाळला, "बघा, मन बदललं तर सांगा," म्हणाला आणि रिकामा ट्रक घेऊन गेला.

बाबा गाडी सरळ गॅरेजकडे न्यायला लागले. आई आडवी उभी राहिली.

"कुठे?"

"आत. ठेवतो तिला."

"का?"

"का म्हणजे? तिची जागा आहे ती."

"बंद पडलेल्या गाडीची जागा होती," आई शांतपणे म्हणाली. "आता चालती गाडी आहे ना? चालत्या गाड्या बाहेर उभ्या राहतात. राहील, असं मी म्हटलं होतं. कुठे राहील, हे कोणी विचारलंच नाही."

बाबांनी आ केला, पेशंटसारखा, आणि तो तसाच राहिला. भिंगरीनं एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा आईकडे. मग तिच्या लक्षात आलं की डब्याचा प्रश्न आईनं उगाच विचारला नव्हता. आईला गाडी चालूच हवी होती.

"आई," ती म्हणाली, "तू लई पोचलेली आहेस."

"कापायच्या टेबलाचं ते टोक धर," आई म्हणाली. "अहो, तुम्ही हे धरा. आणि तोंड मिटा आता, माशी जाईल."